दोघींत वाटलेल्या गोळ्या

संधिवातावरच्या एका नव्या गोळीची चाचणी आमच्या कोल्हापूरच्या दवाखान्यात चालू होती. प्रयोगशाळेत ती पास झालेली; माणसाला लागू पडते का, ते बघायचं होतं. पेशंटना समजावणं आणि गोळ्या देणं हे माझं काम. मी घसा फोडून सांगायचे, वेळ चुकवू नका, गोळी दुसऱ्या कुणाला देऊ नका. यावर सगळे हसायचे. औषध कोण वाटत बसतंय, म्हणायचे.

कागलकडच्या एक मावशी होत्या. बोटं इतकी आखडलेली की भाकरी थापता येत नव्हती. काही महिन्यांत त्या स्वतःची वेणी स्वतः घालून आल्या. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला. चहा पिता पिता त्या सहज म्हणाल्या, "ह्या बारीला गोळ्या जरा वाढवून द्या की. दोघींना पुरत न्हाईत."

"दोघी कोण?"

"मी आन् माझी जाऊ. सकाळची मी घेते, सांजची ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावेलाही तोच आजार, पण तिची किडनी नाजूक म्हणून आम्ही तिला चाचणीत घेतलं नव्हतं. "तिचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?" मी ओरडलेच. मावशींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्या जावेला घेऊन आल्या, तिचं रक्त तपासलं. नशीब, रिपोर्ट चांगला आला.

पण मावशींना चाचणीतून काढावं लागलं. उद्या हे औषध कितीतरी लोक घेणार, किती गोळ्यांनी गुण आला यात अंदाजपंचे चालत नाही. हे मला पटतं, आजही पटतं. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा जुनं औषध लिहून दिलं. त्यानं गुण येत नव्हता म्हणूनच तर त्या आमच्याकडे आल्या होत्या.

उरलेल्या गोळ्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. "एकटीनं घेतल्या असत्या तर ऱ्हाऊ दिलं असतं व्हय मला?"

"हो."

"एका चुलीवरचं खातो आमी. ती कण्हत बसल्याली, आन् तिच्याम्होरं मी एकटीनं कशी गिळायची, ते बी शिकवायचं हुतं की मग."

मला फार वाईट वाटलं. आता नवीन पेशंट आला की मी आधी विचारते, घरात आणखी कुणाला हाच त्रास आहे का. कुणी हो म्हणालं की पुढं काय बोलायचं, ते मला अजून कळलेलं नाही.