भावोजींच्या दुहेरी तारा

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. तारा तपासायच्या, वंगण लावायचं आणि मध्येच अडकलेल्या माणसांना "घाबरू नका, आलोच" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर हार-तुरे सुकायच्या आत त्यांनी एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. का, तर म्हणाले, "जन्मभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जायचंय." मी चिडले. मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्र मला भिंतीवर टांगलेला बरा वाटतो.

ताई मात्र, म्हणजे माझी थोरली बहीण, नवऱ्याच्या वरताण निघाली. होडी पांढऱ्याची पिवळी झालेली, आत दोन बाकं, एक शेगडी आणि वाकून उभं राहावं लागेल एवढी खोली. ताईने तिथे पडदे शिवून लावले, बाकांच्या गाद्यांना अभ्रे घातले. दोघांचा बेत मोठा होता. किनाऱ्याकिनाऱ्याने महिनाभर फिरायचं, रोज नव्या खाडीत नांगर टाकायचा, सकाळी चहा घेता घेता पुढचं ठरवायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं.

पण त्याच सुमाराला डॉक्टरांनी ताईला इन्सुलिन सुरू केलं. आता महिन्याभराचा साठा उन्हात तापणाऱ्या होडीत ठेवायचा कुठे? बर्फाच्या पेटीत दुसऱ्या दिवशी पाणी होतं. "पुढच्या वर्षी बघू," ताई म्हणाली. असं पुढचं वर्ष चार वेळा आलं. भावोजी एकटेच सकाळी शीड उभारून जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. ताई त्यांना डबा भरून द्यायची. बेताबद्दल दोघांपैकी कोणी बोलत नसे, आणि मी विचारलं की दोघंही एकाच वेळी हवापाण्यावर बोलू लागायचे.

होडीची निगा मात्र भावोजी अशी ठेवत, की लोक तान्ह्या पोराचीही ठेवत नसतील. शिडाची उंच डोलकाठी उभी राहते ती चारी बाजूंनी ताणलेल्या तारांच्या जोरावर. दर हंगामाआधी भावोजी हातात कापसाचा बोळा घेऊन प्रत्येक तार वरपासून खालपर्यंत पुसत. तारेतला एखादा केसाएवढा धागा जरी तुटला असला तरी कापूस तिथे अडकतो. लिफ्टच्या तारा ते असेच तपासायचे म्हणे. तारेची टोकं जिथे आवळलेली असतात तिथे ते भिंग लावून बघत. गंजाचा ठिपका दिसला की घासत, आणि घासूनही गेला नाही की तार बदलत.

वरची टोकं बघायला त्यांना डोलकाठीवर चढवावं लागे. एका फळीच्या झोपाळ्यात ते बसायचे आणि खालून विंच फिरवून दोर ओढायचं काम सुट्टीत सापडलेल्या मेहुणीकडे यायचं. अशी संधी मी सोडते होय! अर्ध्यावर नेऊन मी हात थांबवायचे.

"भावोजी, परवा माझ्या आमटीला काय म्हणालात?"

"अमृत म्हणालो होतो, मेहुणीबाई. ओढा."

"ऐकू आलं नाही."

"अमृत! अमृत!" सगळ्या धक्क्यावर ऐकू जाईल असं ते ओरडायचे, आणि मग मी त्यांना वर चढवायचे.

यंदा त्यांनी मनावर घेतलं. होडीवर सोलर पॅनल बसवायचं, त्यावर बॅटरी भरायची आणि बॅटरीवर एक लहानसा फ्रिज चालवायचा. इन्सुलिनचा प्रश्न मिटला की ताई आलीच. होड्यांवर असलीच कामं करणारा एक वायरमन बंदरात होता, त्याला बोलावलं. मागच्या बाजूला लोखंडी पाइपांची चौकट उभी राहिली, तिच्यावर दोन निळी-काळी पॅनलं आली, आणि आत बाकाखाली बॅटरी. फ्रिज बसवला तेव्हा भावोजी त्याचं दार इतक्या वेळा उघडून बघत होते, की वायरमन शेवटी म्हणाला, "काका, दार बंद ठेवलं तरच तो थंड होतो."

ताईने अट घातली. "तीन दिवस फ्रिज न थांबता चालला पाहिजे. आतला थर्मामीटर आठच्या वर गेला नाही तर मी येईन. एकदा जरी गेला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. दरवर्षी आशा लावून बसायचं आता मला झेपत नाही."  तेव्हा कुठे मला कळलं, की या चार वर्षांत तिने किती गिळलं होतं. पंच म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीवर पाय ठेवला तर फ्रिज मुका आणि थर्मामीटर चौदावर. भावोजी बॅटरीपाशी उकिडवे बसले होते. बॅटरी रिकामी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"काल ऊन तर कडक होतं," ते मला म्हणाले. "मेहुणीबाई, तुमच्या ताईला एवढ्यात सांगू नका."

मी पंच असले तरी बहीणही आहे. पण त्यांचा चेहरा बघून मी ताईऐवजी वायरमनला फोन केला.

त्याने सगळे जोड तपासले, बॅटरी तपासली, मीटर लावलं. सगळं ठीक. भर उन्हात पॅनलं मात्र अर्धपोटी काम करत होती. तो डोकं खाजवत मागे टेकला आणि त्याची नजर वर गेली.

"काका, हा पिंजरा कशाला केलाय?"

पिंजराच होता तो. या हंगामात भावोजींनी डोलकाठीची प्रत्येक तार दुहेरी केली होती. मूळच्या तारेशेजारी आणखी एक तशीच जाड तार. बंदरात लोक हसत, मीही हसले होते. नाकापेक्षा मोती जड, असं तोंडावर म्हटलं होतं. भावोजी शांतपणे सांगायचे, "लिफ्टला कधी एका तारेवर टांगत नाहीत. एक गेली तरी दुसऱ्या धरतात."

वायरमनने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि त्याचा दांडा पॅनलवर आडवा धरला. मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. दांडा काढला, आकडा वर.

"पॅनलमधले हे सगळे तुकडे एका माळेत ओवल्यासारखे असतात," तो म्हणाला. "एकावर सावली पडली की बाकीच्यांचंही काम अडतं. मूळच्या तारांची सावली चुकवूनच मी चौकट बसवली होती. तुम्ही नंतर या नव्या तारा लावल्या. आता पॅनल कुठेही सरकवा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या तारेची सावली पडणारच. आणि खरं सांगू? एवढं वजन वर चढवल्याने होडी डुलतेही जास्त. जास्तीच्या तारा काढा, फ्रिज पळेल."

मी टाळीच वाजवली. एवढंच ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण भावोजी उठले नाहीत. हातातलं फडकं ते घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "तारा राहतील. फ्रिजचा नाद सोडू."

"काय?" माझा पारा चढला. "अहो, ज्या फ्रिजसाठी एवढा घाट घातलात, त्याचाच नाद सोडायचा? ताईने चार वर्षं वाट बघितली ती तुमच्या तारा मोजायला? मूळच्या तारा कच्च्या आहेत का?"

"छे. दोन तर नव्याच आहेत. चार वर्षं मी त्यांच्यावरच गेलो. वाऱ्यातही गेलो."

"मग आत्ताच काय झालं?"

"तेव्हा मी एकटा होतो ना," भावोजी म्हणाले.

  या माणसाने हा पिंजरा लिफ्टच्या सवयीने उभारला आहे असं मी आजवर समजत होते. तो त्याने बायकोसाठी उभारला होता. ती येणार म्हणून प्रत्येक तारेला जोड दिली, आणि त्याच तारांनी तिची वाट अडवली.

"एकटे होतात?"

धक्क्यावर ताई उभी होती. हातात डबा, आणि ती केव्हापासून ऐकत होती देव जाणे. डबा तिने खाली ठेवला.

"एकटे होतात, आणि मी? मी इकडे सुखरूप, असंच ना? अहो, तुम्ही डबा घेऊन गेलात की संध्याकाळी शीड दिसेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. जराशी हवा पडली की खिडकी, हवा वाढली की खिडकी. चार वर्षं मी एका तारेवरच काढली. ती तुटायची असेल, तर मी तुमच्याशेजारी असताना तुटू दे. निदान तुम्ही कुठे आहात हे तरी मला ठाऊक असेल."

वायरमन मीटरमध्ये डोकं घालून बसला. भावोजींचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची अक्कल त्यांना नव्हती. माझेही भरले, सांगायला लाज कसली.

"हे कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"बोलले असते तर तुम्ही जाणंच बंद केलं असतं," ताई म्हणाली. "मग घरात बसून माझी भांडी दुरुस्त केली असतीत. त्यापेक्षा उपास बरे. काढताय ना त्या तारा, की मी चढू?"

ताईचं वजन आणि वय बघता ती धमकी पोकळ होती. पण भावोजी झटकन झोपाळ्याच्या फळीवर जाऊन बसले. त्या दिवशी विंचचा दांडा ताईने माझ्या हातातून काढून घेतला. तिने त्यांना एका दमात वर नेलं, आमटीची चौकशी न करता. वरून एकेक तार सुटून खाली आली आणि तिची वेटोळी धक्क्यावर पडली. शेवटची तार उतरली तेव्हा वायरमनने मला बोलावून मीटर दाखवलं. आकडा सकाळच्या दुपटीला गेला होता.

फ्रिजची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घेतली. मी कडक पंच, सवलत दिली नाही. तीन दिवस थर्मामीटर पाचाच्या आसपास घुटमळला. चौथ्या दिवशी सकाळी ताईने इन्सुलिनचे डबे स्वतःच्या हाताने आत रचले आणि शीड उभारताना दोर ओढू लागली. चुकीचा ओढला. भावोजींनी योग्य दोर तिच्या हातात दिला, आणि दोघं निघाली.

आता एक सांगते. या चार वर्षांत रोज दुपारी, भावोजी समुद्रात असताना, ताईचा मला फोन यायचा. विषय काहीही असो, भाजी, गुडघा, माझी शाळा. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि मग विचारायची, "तुझ्याकडे वारा कसा आहे गं?" माझ्या घरचा वारा हिला कशाला हवा, म्हणून मी वैतागायचे.

ती गेल्यावर पहिल्या दुपारी फोन आला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. खाडीत रेंज नसेल, म्हटलं. आठवडाभर असं झाल्यावर मी स्वतः फोन लावला तर लगेच लागला. मागे पाण्याचा आवाज, भावोजी काहीतरी ओरडत होते आणि ताई हसत होती.

"आठ दिवस झाले!" मी कडाडले. "एक फोन करता येत नाही?"

"अय्या," ताई म्हणाली, "विसरलेच गं."

मी तिला यथेच्छ झापलं. मग फोन ठेवला आणि पोटभर रडले, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.