डबल बेल दिल्याशिवाय

माझ्या दुकानात शिरण्याआधी कंडक्टरसाहेब दारात थांबत, खिशातली किल्ली काढत आणि शटरच्या पत्र्यावर वाजवत. टक टक. मग म्हणत, "चला, पुढं सरका, पुढं जागाच जागा हाये!" दुकानात बहुतेक वेळा मी एकटाच असे. तरी मी खुर्ची जराशी मागे घ्यायचो. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाचा एवढा हुकूम पाळावा लागतो.

तुम्ही बुलढाण्याहून मोताळ्याच्या एसटीत कधी बसला असाल, तर त्यांनी तुम्हालाही पुढं सरकवलं असेल. शेवटची, दारापाशीची सीट त्यांची. गाडी थांबली की ते खाली. कोणाच्या म्हातारीला हात द्यायचा, कोणाचं पोतं वर चढवायचं, टपरीवरचा चहा उभ्याउभ्या संपवायचा आणि मग दोरी ओढून दोनदा घंटी. "मी डबल बेल देल्याशिवाय गाडी हालत नाही," हे वाक्य ते रिटायर झाल्यावरही ऐकवायचे.

माझं स्टँडसमोर तिकीट बुकिंगचं दुकान आहे. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. पाटीवर नावापुढं 'बी.ए.' मुद्दाम मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं आहे. ज्याला हसायचं त्याने हसावं. माझ्या आईने दुसऱ्याच्या वावरात निंदण करून ती दोन अक्षरं मिळवली आहेत. कंडक्टरसाहेब मला 'सर' म्हणत आणि मला ते आवडायचं.

एक दिवस टक टक झाली. "सर, लग्नाले चाळीस वर्सं होऊन राह्यले. हिले फिरवून आणतो म्हणतो."

"शिर्डी की तिरुपती?" मी की-बोर्ड पुढं ओढला.

"पॅरिस," ते म्हणाले. "मंग स्वित्झर्लंड, मंग व्हेनिस, मंग रोम. विमान निस्तं जायले-यायले. मधली गावं सारी रेल्वेनं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मोताळ्याचा माणूस, पायात रबरी चपला, आणि पॅरिसचं नाव असं घेतलं जसं मलकापूरचं. मी पदवीधर, दिवसभर लोकांची तिकिटं काढणारा, आणि मी स्वतः नागपूरच्या पुढं गेलेलो नव्हतो.

"पासपोर्ट?"

"दोघाइचेबी काढून ठेवले. शेजारच्याइले वाटलं, पोराची बदली परदेशात झाली असन."

मी त्यांच्या भल्याचंच सांगितलं. टूरवाल्यांबरोबर जा. सोबत आपली माणसं असतात, मराठी बोलणारा गाइड असतो, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळतो.

"तेच तं नको," ते एकदम म्हणाले. "आपली माणसंच नको सोबत."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. बोटात किल्ली फिरवत बसून राहिले.

पुढच्या खेपेला ते काकूंना घेऊन आले. व्हिसाच्या कागदांवर सह्या हव्या होत्या. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या, एकमेकींना चिकटून. कंडक्टरसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तिले इचारा, चष्मा आणला का."

काकूही माझ्याचकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, त्याइले सांगा, आणला."

"सर, तिले म्हणा, सही नीट कर."

"भाऊ, त्याइले म्हणा, मले लेहता येते."

आधी वाटलं, गंमत करतात. पण दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होतो. काकू बाहेर पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी सरळच विचारलं, कारण मला आडून बोलता येत नाही. "कंडक्टरसाहेब, भांडण आहे का तुमचं?"

"भांडण व्हायलेबी बोलावं लागते, सर."

मग त्यांनी सांगितलं. "लग्न झालं तवा घर गच्च भरलेलं. मोठ्याइच्या पुढं बायकोशी बोलणं म्हणजे बेशरमपणा. मी मायले सांगू, माय तिले सांगे. माय गेली तं पोरं मधात आले. पोरं मोठे झाले तं सून आली. माही अर्धी सर्व्हिस मुक्कामाच्या गाडीवर गेली. आता पोरगा-सून पुण्याले. घरात आम्ही दोघंच. तं मी मांजरीले म्हणतो, इचार तुह्या मायले, भाकर झाली का."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"साऱ्या तालुक्याशी बोललो, सर. हिच्याशी बोलाचं राहून गेलं. आता तोंडच उघडत नाही. म्हणून म्हणतो, अशा जागी जावं जिथं आपली भाषा कोणाले समजत नाही. तिकडं मधात कोणी नसन. मंग ही कोणाले सांगन, अन् मी कोणाले सांगन?"

लोक परदेशात बर्फ बघायला जातात, फोटो काढायला जातात. हा माणूस बायकोशी बोलायला समुद्र ओलांडून निघाला होता.

पुढचे काही आठवडे तयारी चालली. ते पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवून विचारायचे, "पॅरिसले हाल्ट किती? कॅन्टीन स्टेशनातच हाये का बाहीर?" काकू माझ्यामार्फत कळवायच्या की मिरचीचा ठेचा नेल्याशिवाय त्या विमानात चढणार नाहीत. तेही माझ्यामार्फत कळवायचे की ठेच्याले कोणी नाही म्हणलं नाही. मी मधला माणूस. मला धास्ती एकच होती. हे तिथे जाऊनही बोलले नाहीत तर? मग तर मीही नसणार. दोघं मुकाट्याने पॅरिस बघून मुकाट्याने परत येतील.

रेल्वेच्या सीटा निवडायचा दिवस आला. डब्याचा नकाशा उघडून मी पडदा त्यांच्याकडे वळवला. कंडक्टरसाहेबांनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि बोट टेकवलं. "तिले हे पुढची, खिडकीची. मले हे. शेवटची, दारापाशी."

मी म्हटलं, "काय साहेब, मस्करी करता?"

"मस्करी कायची? जन्मभर दारापाशी बसलो. मधात बसलो तं जीव घाबरते माहा."

त्यांना खरोखरच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. जिच्याशी बोलण्यासाठी सगळा खटाटोप, तिला डब्याच्या त्या टोकाला बसवून स्वतः दाराशी. माझा हात माउसवर तसाच राहिला.

"भाऊ, त्याइले सांगा..." काकूंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि अख्खी खुर्चीच फिरवली. नवऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "दारापाशीच बसायचं असन, तं मोताळ्याच्या गाडीत बसा. मी काई येत नाही."

कंडक्टरसाहेब माझ्याकडे बघायला लागले. सवयच ती. मी निरोप पोचवीन याची वाट बघत होते.

मी म्हटलं, "मी काही सांगणार नाही. तुम्ही ऐकलं आहे."

हळूच त्यांनी मान वळवली. "मंग... कोणती घेऊ?"

"बाजूची," काकू म्हणाल्या.

मी बटण दाबलं. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

ते गेले आणि आले. आल्यावर साहेब दुकानात आले तेव्हा टक टक झाली नाही. गुपचूप येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"सर, गाडी गेली."

"कोणती?"

"व्हेनिसची. मधी एक स्टेशन लागलं. मी पाय मोकळे कराले उतरलो. अन् गाडी गेली. मी डबल बेल देलीच नव्हती, सर! ते मधात बसलेली, माह्या डोयासमोरून गेली. फोन माह्यापाशी."

इतक्या वर्षांत त्यांना सोडून कुठलीच गाडी गेली नव्हती. हे असं होऊ शकतं, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

"मग काकू?"

"पुढच्या स्टेशनावर सामान घेऊन उतरली. बाकड्यावर बसली. मले तिथल्या एका बाईनं मागच्या गाडीत बसवून देलं. उतरलो तं ही गर्दी. मले ते दिसे ना. मंग तिनंच आवाज देला."

"काय आवाज दिला?"

कंडक्टरसाहेबांचे कान लाल झाले. किल्ली निघाली, बोटात फिरायला लागली. "ते नका इचारू," म्हणाले आणि उठलेच.

मला ते कळलं गेल्या बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या दारातून. मोताळ्याची गाडी लागली होती. काकू खिडकीत, मांडीवर भाजीची पिशवी. साहेब खाली टपरीवर जुन्या सोबत्यांत उभे. एक ड्रायव्हर विचारत होता, "काऊन बे, विमानातबी पुढं सरका म्हणलं का?" सगळे हसत होते. इतक्यात नव्या कंडक्टर पोरीने डबल बेल दिली. गाडी हलली.

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नवऱ्याला हाक मारली. अहो नाही, ऐकलं का नाही. नाव. नुसतं नाव, खणखणीत.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव लग्नात घेते ते उखाण्यात, लाजत. भर बाजाराच्या दिवशी खिडकीतून कोणी घेत नाही. टपरीवरच्या ड्रायव्हरच्या हातातला कप तोंडापाशी अडकला. चालत्या गाडीला ब्रेक लागला.

"आलो, आलो!" साहेब चहा टाकून पळाले. चढले. दारापाशी थांबले नाहीत. लोकांना बाजूला करत सरळ मधात गेले आणि काकूंच्या शेजारी बसले. गाडी सुटली तेव्हा काकू काहीतरी रागावून बोलत होत्या आणि ते मान डोलावत होते.

त्यांचं नाव मी तिकिटांवर, व्हिसाच्या कागदांवर कितीदा तरी टाइप केलं आहे. इथं लिहिलेलं नाही. चाळीस वर्षांनी काकूंच्या तोंडी आलेलं ते नाव मी असं फुकट का लिहावं?