मी सांगितलेला कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, शेजारच्या जाऊबाईंना तर नाहीच. देवळात हात जोडते तेव्हाही मनात दुसरंच काहीतरी बोलते — काजू, पाऊस, माझा गुडघा. त्याला ठाऊक आहे, मग सांगायचं कशाला, अशी मी माझी समजूत घालते.

तुम्हाला सांगते. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, म्हणून जमेल बहुतेक. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर बरं आहे, असं बाई म्हणायच्या. नातीची चित्रांची वही अर्धी कोरी राहिली होती, तीत लिहिते आहे. एका पानावर तिने काढलेलं विमान आहे, त्याला एकाच बाजूला पंख. ते पान मी सोडून दिलं.

मी पहिल्यापासून कमी बोलणारी. चार माणसं ओटीवर बसली की मी चहाच्या निमित्ताने आत जाते. वाडीतले लोक म्हणतात, मंगेशच्या आईने कधी कुणाला उणा शब्द नाही काढला. जी बाई बोलतच नाही ती खोटं कधी बोलणार — असंच ना? त्या समजुतीचा मला फार उपयोग झाला.

कुठून सुरू करू?

आमचं गाव रत्नागिरीजवळ, हातखंब्याहून आत. माझे मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मंगेश, माझा मुलगा, मुंबईला कंपनीत. त्याची बायको रेश्मा राजापूरची, नर्स झालेली. ती रत्नागिरीला एका दवाखान्यात कामाला होती आणि माझ्याजवळ राहायची. सकाळच्या एसटीने जायची. म्हणजे त्यांची पोर, स्वरा, दिवसभर माझ्याकडे. तिला भात मी भरवायची, आंघोळ मी घालायची. तिला झोप आली की माझ्या कानाची पाळी धरून झोपायची. पण संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मला सोडून आईकडे धावायची, ती थेट तिच्या अंगावर प्यायला. सव्वादोन वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं का? तेव्हा मी नाही म्हटलं असतं.

रेश्माला इंग्लंडमध्ये पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. तिघांनी जायचं ठरलं. ती शिकणार, मंगेश मिळेल ते काम करून पोरीला बघणार. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी म्हटलं, "जा की." आणि खोबरं वाळत घातलं.

त्या खोबऱ्याचंही सांगून टाकते. तिकडे आमटीला ओलं खोबरं कुठलं, म्हणून सहा वाट्या फडक्यात बांधून मी त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत सरकवल्या. कुणाला न सांगता. मुंबईच्या विमानतळावर ती बॅग बाजूला काढली. सुकं खोबरं पेट घेतं म्हणे, विमानात चालत नाही. सगळे कपडे लोकांसमोर उपसले. त्या गडबडीत स्वरा रडायला लागली, फ्रॉक वर गेला आणि तिथल्या बाईला पोटावर पाण्याचे फोड दिसले. डॉक्टर आले. कांजिण्या. खपल्या पडेपर्यंत विमानात घेणार नाहीत म्हणाले. तिघं आली परत.

वाडीत हसू झालं. नळावर जाऊबाईंनी रेश्माला विचारलं, "काय गो, एवढ्यात विलायत बघून पण आलीस?" रेश्मा हसली. म्हणाली, "काकी, सासूबाईंचं खोबरं बघून त्यांनी आम्हाला दारातनंच परत पाठवलं." माझ्यावर रागावली नाही. मी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी तापवत होते — आणि खूश होते. हेही लिहिलं पाहिजे. पोर आणखी तीन आठवडे मिळाली म्हणून मी खूश होते.

माझी चूक खोबऱ्यापुरतीच असती तर मी ही वही उघडली नसती.

दुसऱ्या खेपेला विमान उडालं. मला फोन आला, आई, बसलो. मी देवाजवळ दिवा लावला. आणि चार तासांनी पुन्हा फोन — विमान समुद्रावरून मागे फिरवलं, काहीतरी बिघाड झाला, आम्ही मुंबईतच आहोत. रेश्माला फोनवर बोलता येईना. विमान वळलं तेव्हा माणसं देवाचं नाव घ्यायला लागली होती, आणि स्वरा ओरडत होती ती थांबेना, एवढंच मंगेशने सांगितलं. पुढची जागा पाच दिवसांनी मिळणार होती. मुंबईत पाहुण्यांच्या एका खोलीत किती दिवस राहणार, म्हणून पुन्हा घरी आली. पण आता उशीर करून चालणार नव्हतं. त्या सोमवारपर्यंत रेश्मा कॉलेजात उभी राहिली नाही तर जागा जाणार होती.

ती बदलून आली होती. जाऊबाई येऊन बसल्या नि म्हणाल्या, "दोनदा मागे फिरलात. पोरीच्या पायातच काहीतरी असंल. देवाला विचारा आधी." एरवी रेश्माने ते हसण्यावारी नेलं असतं. ती शिकलेली. पण त्या दिवशी ती माझ्याकडे वळली.

"आई, तुम्हीच जाऊन विचारून या. मला तर जावंच लागेल. पण स्वराला न्यायची का नाही ते देव म्हणेल तसं करू. माझं डोकंच चालत नाही."

मंगेशलाही तेच हवं होतं, कुणीतरी ठरवून द्यावं.

आमच्याकडे काही मोठं ठरवायचं असलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. लग्नं त्याने ठरतात, विहिरी त्याने खणतात. जाणं बहुतेक पुरुषांचं. मी आयुष्यात एकटी कधी गेले नव्हते.

सकाळी आठला मी गेले. देवळात गुरव आबा एकटेच होते, म्हातारे, एक डोळा अधू. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की बा महाराजा, पोरीला आईबरोबर दूर देशी पाठवायची आहे, तुझी मर्जी असंल तर उजवा दे.

मी डोळे मिटले नव्हते. मी डाव्या पाकळीकडे बघत होते.

उजवी पडली. लगेच. देवाने जरासुद्धा वेळ घेतला नाही.

"दिलान हो वयनी, उजवा दिलान," आबा म्हणाले. "खुशाल न्या पोरीला."

मी नारळ ठेवला, अंगारा घेतला. देवळापासून घर पंधरा मिनिटांवर, मध्ये सडा लागतो, नुसता कातळ. मी भरभर चालत होते. वाटेत काय विचार केला, असं तुम्ही विचाराल. आठवत नाही म्हणाले तर ते आणखी एक खोटं होईल. मी विचार केला, की मंगेश कामावर गेला की त्या परक्या घरात पोरीला कोण बघणार. चांगला विचार होता तो. कुणालाही पटला असता. मीच तो चांगला म्हणून हाताशी धरला. त्याच्या खाली दुसरा होता — की ही गेली तर संध्याकाळी माझ्या घरात आवाजच उरणार नाही.

दारात स्वरा माझ्या गुडघ्याला येऊन बिलगली. रेश्मा जमिनीवर बॅग भरत होती. हातात पोरीचा लाल स्वेटर. तिने वर बघितलं.

"डावा," मी म्हटलं.

एवढंच. मला दोन शब्दसुद्धा लागले नाहीत.

तिने काही उलट विचारलं नाही. आबा काय म्हणाले, पाकळी कशी पडली, काही नाही. स्वेटरची घडी घातली, ती पुन्हा मोडली, पुन्हा घातली आणि बॅगेतून बाहेर माझ्या बाजूला ठेवली. मग पोरीचे बाकीचे कपडे एकेक करून काढले. मी तिथेच उभी होते. अजून वेळ होता, नाही का? तिचे मोजे काढून होईपर्यंत वेळ होता. ती जाईपर्यंत अख्खे दोन दिवस होते.

ती दोघं गेली; तिकडच्या खर्चाला मंगेशची कमाई लागणारच होती. पोरीला मी मागच्या पडवीत नेलं होतं, गाडी दिसू नये म्हणून. मंगेशने पुढे कधीतरी बोलता बोलता सांगितलं, की मुंबई येईपर्यंत रेश्माचे कपडे दुधाने भिजले होते, विमानतळावर तिला बदलावे लागले.

आणि विमान नीट पोचलं! वेळेवर. बॅगासुद्धा आल्या. रेश्माचा फोन आला तो रडत नि हसत. "देवाने बरोबर सांगितलं, आई. स्वराला ठेवली म्हणून आम्ही धड पोचलो." खरं सांगायची जागा तिथे पुन्हा होती. मी म्हटलं, "हो गो बाय."

पोर आठ दिवस दारात जाऊन बसायची, संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला. मग बसेनाशी झाली. मला तेव्हा हायसं वाटलं.

फोनवर रेश्मा दिसली की पहिल्यांदा स्वरा फोन चाटायची, मग नुसती बघायची, मग फोन ढकलायला लागली. तिकडे रेश्मा कॉलेज करून, कामाची पाळी करून कधीही फोन करायची. कधी कधी मी सांगायची, आत्ताच झोपली. पोर माझ्या शेजारी चुरमुरे खात असायची. एकदा नाही, कितीदा तरी. मोठं खोटं बोलून झालं की लहान खोटी बोलताना जीभ अडखळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

स्वरा मला आई म्हणायला लागली. मी शिकवलं नव्हतं. पण सुधारलंही नाही.

त्या वर्षी शिमग्याला पालखी घरोघर फिरत आमच्या अंगणात आली. गुरव आबा गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. पोर माझ्या कडेवर होती. आबा तिला बघून थांबले. मग एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. ढोल थांबलेला, सगळी वाडी हात जोडून उभी. मला वाटलं, आता सांगतील. आबांनी घसा साफ केला आणि गाऱ्हाणं घातलं, "ह्या घरातल्या लेकराबाळांची त्यांच्या आईबापाशी गाठ घाल रे महाराजा." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." मीही म्हणाले.

चौदा महिन्यांनी रेश्मा पोरीला न्यायला आली. गाडीतून उतरली ती हात पसरूनच. स्वरा माझ्या पदरामागे लपली आणि म्हणाली, "आई, ही बाई कोण?"

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायचं म्हणून मी ही वही घेतली, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले. मला आनंद झाला. रेश्माचा चेहरा मी बघत होते, तिचे हात खाली येताना बघत होते, आणि मला आनंद झाला. क्षणभर असेल. पण तो माझाच होता. देवाच्या नावावर तो घालता येत नाही.

रेश्मा खाली वाकली आणि आपल्या चपलेचा पट्टा लावत बसली. खूप वेळ लावत होती. पट्टा सुटलेला नव्हता.

आता स्वरा सहा वर्षांची आहे. तिकडच्या शाळेत जाते. आजारी पडली की बापाला हाक मारते, आईला नाही. रेश्मा हे हसत सांगते. म्हणते, "देवाच्याच मनात होतं ते. मी कुणाला बोल लावत नाही." दरवर्षी ती मला तिच्या नावाने देवाला नारळ ठेवायला सांगते, तेव्हा वाट दाखवली म्हणून. मी ठेवते. दरवर्षी ठेवते.

गुरव आबा गणपतीच्या आधी वारले. आजारी होते तेव्हा मी भेटायला गेले होते. त्यांनी ओळखलं, पाणी मागितलं, दुसरं काही नाही. आता तो खरा कौल माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

रेश्माला दुसरी मुलगी झाली आहे, पाच महिन्यांची. शिमग्याला सगळ्यांना यायचं आहे. परवा तिचा फोन आला. "आई, एवढ्या लहान पोरीला विमानात आणू का? तुम्ही कौल लावून सांगा ना. तुमच्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही."

आज सकाळी गेले होते. आबांच्या जागी आता त्यांची सून पाकळ्या लावते. उजवी पडली. घरी येऊन मी फोन लावला आणि जे झालं तेच सांगितलं — उजवा.

"मग आणतेच," रेश्मा म्हणाली. मागून बाळाचा आवाज येत होता. "तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं."

मग तिने फोन ठेवला.

तो लाल स्वेटर माझ्या ट्रंकेत आहे. तो स्वराने एकदाही घातला नाही. पहिल्या वेळीही पाकळी उजवीच पडली होती.