किडींचा बंदोबस्त

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आमच्या वावरात एकही कीड नव्हती, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते.

मी देवळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेचा शेती क्लब चालवते. क्लबची सुरुवात व्याख्यानांनी झाली. पहिले पाहुणे मातीवर बोलायला आले आणि पाऊण तास स्वतःच्या बढतीवर बोलले. दुसऱ्यांनी ठिबक सिंचनाची आकृती काढता काढता आधी फळा संपवला, मग भिंत. (भिंत मी पुसली.) मग मुख्याध्यापक सरांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, व्याख्यानं पाहिली. आता शेत-भेटीला मी स्वतः येतो. जमली तर ठीक, नाही तर शनिवारचा तास गणिताला."

गणिताचे मास्तर दाराबाहेरच उभे होते. हातात वेळापत्रक आणि खोडरबर.

मी कामाला लागले. विषय: वांग्यावरील किडींची ओळख. ठिकाण: आमचंच वावर, जिथे माझे सासरे, म्हणजे मामाजी, भाजीपाला घेतात. वांग्यावर कीड मुबलक आहे, हे मी बुधवारी स्वतः बघून आले. गुरुवारी मामाजींच्या हातात यादी दिली. माझ्या यादीत पाल्हाळ नसतो. एक, पाण्याचा बंदोबस्त. दोन, सावलीचा बंदोबस्त. तीन, किडींचा बंदोबस्त.

(तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.)

शनिवारी सकाळी पस्तीस मुलं, पस्तीस भिंगं, पस्तीस तक्ते आणि सर, असे आम्ही पायी वावरात पोचलो. कडुलिंबाखाली ताडपत्री अंथरलेली, दोन माठ भरलेले. मामाजी इस्त्रीचा सदरा घालून उभे. हातातल्या यादीवर बरोबरच्या तीन खुणा.

"मामाजी, आधी मुलांना अळी दाखवू."

"अळी कुठची?"

"वांग्यावरची."

"थे त काल सांजीच मारली. चांगलं जालीम औषध आणलं न दोन पंप फवारले. मावा नाई, माशी नाई, अळी नाई. एक जरी सापडली त मले सांगजो."

"पण मारली काऊन?" शाळेच्या माणसांसमोर मी पुस्तकी मराठी बोलते. त्या क्षणी विसरले.

"तूनंच त लिहून देल्लं, किडीचा बंदोबस्त. आन् तुह्या सायबासमोर किडकं वावर दाखवू का मी? आपली इज्जत हाय ना वं काही?"

सरांनी मामाजींच्या हातातली यादी घेऊन वाचली. "मॅडम, लिहिलंय तर तसंच."

औषध ताजं, म्हणून मुलांना आत सोडता येईना. पस्तीस जण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रांगेत उभे राहून लांबूनच वांग्यांवर भिंग रोखू लागले. एकीने तक्ता भरलासुद्धा. कीड: नाही. नुकसान: नाही. उपाय: आजोबा.

मामाजींना माझी दया आली. त्यांनी शेजारच्या वावरातल्या पुंडलिकभाऊंना हाक मारली. "पुंडलिका, तुह्या वांग्यावर अळी असंल ना? पोट्ट्यायले दाखवाची हाय."

पुंडलिकभाऊंनी सरांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि ते ताठ झाले. "माह्या वांग्यावर? काका, चार लोकांत काय बोलून राह्यले तुमी? उद्या माल बाजारात न्याचा हाय मले."

"अरे, परवा त तूच रडत होता अळीपायी."

"थो दुसरा कोणी असंल."

त्यांच्या पलीकडच्यानेही कानावर हात ठेवले. चहाच्या टपरीवर जे लोक वर्षभर किडीशिवाय दुसरं बोलत नाहीत, ते त्या सकाळी एका अळीला महाग झाले.

सरांनी घड्याळ पाहिलं. "मग मॅडम, गणिताचं..."

"थांबा ना सायेब," मामाजी म्हणाले. "कीडच पाह्याची ना? मंग घरी चाला. सूनबाईनं घराच्या मांगं वांगे लावले हायेत. मले हात लावू देत नाई, पुस्तकात पाहून वाढवते. तेच्यावर काय नाई, थे इचारा."

"मामाजी, ऊन वाढतंय. मुलं थकलीत," मी म्हणाले.

मुलं तोवर निम्म्या वाटेवर होती.

माझ्या परसात मावा होता. तुडतुडे होते. पांढरी माशी तर आम्ही जाताच ढगासारखी उठली. मामाजींनी एक वांगं मोडलं, आतून अळीने मान बाहेर काढली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. तक्त्यातल्या दहाच्या दहा किडी सापडल्या. अकरावी एका मुलीला सापडली, तिचं नाव मलाही सांगता आलं नाही. सर गुडघ्यांवर बसून भिंगातून बघत होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, हे सगळं तुम्ही मुद्दाम जोपासलंत?"

"हो," मी म्हणाले. "क्लबसाठी."

मामाजी खोकले.

शनिवारचा तास वाचला. सोमवारी क्लबच्या वहीत सरांचा शेरा आला: किडींची इतकी विविधता अन्यत्र आढळणे कठीण, दर महिन्याची भेट याच ठिकाणी ठेवावी. पुढच्या व्याख्यानाला बाहेरून पाहुणा बोलवायची गरज नाही, असंही त्यांनी लिहिलंय. वक्ता म्हणून माझंच नाव आहे. विषय: कीड नियंत्रणात काय करू नये.