शेपूट फुटलं तर

दुर्बिणीचे फोटो इंटरनेटवरून उतरवायचे आणि ताऱ्यांत कुठला ठिपका सरकतो ते शोधायचं, हा माझा रविवार दुपारचा उद्योग. दारव्ह्याला विज्ञान शिकवते, तेवढी हौस असायचीच. एकदा खरंच एक नवा ठिपका सापडला, किंचित धुरकट. वेधशाळेला कळवलं आणि जेवताना घरात बोलून बसले, "धूमकेतू असू शकतो. त्याला शोधणाऱ्याचं आडनाव देतात."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "म्हंजे आपलं आडनाव?"

"अजून ठरलं नाही, मामाजी. लघुग्रहही असेल. आत्ता दोन्ही सारखेच दिसतात. धूमकेतू असेल तर शेपूट फुटेल, तोवर थांबायचं."

थांबतंय कोण! दुसऱ्याच दिवशी बसस्टँडसमोर फ्लेक्स. त्यावर धूमकेतूचं चित्र, शेपूट पार नालीपर्यंत. सासरे, चुलत सासरे, वॉर्डाचे मेंबर, सगळे हात जोडून. मी खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी.

फ्लेक्सचा फोटो माझ्या माहेरी घाटंजीला पोचला आणि बाबा जीपनं हजर. "शिकवलं आमी. आडनाव आमचंच लागंन!"

"अन् लॅपटॉप कोनाच्या घरचा हाय?" सासरे कडाडले. लॅपटॉप माझ्या पगारातला, पण मला विचारतंय कोण?

मला दोन्ही आडनावं नको होती. माझी आई राजूरची, म्हणून घाटंजीत ती जन्मभर 'राजूरवाली'. इथं मी 'घाटंजीवाली'. आईचं नाव बाबांनासुद्धा चटकन आठवत नाही. मला ते वर आभाळात लावायचं होतं. चहा देताना तसं म्हटलं, तर दोघं व्याही पहिल्यांदाच एकदिलानं हसले. "बाईचं नाव कायले?" संताप झाला नुसता. कप आपटून मी आत गेले.

पुढं आणखी फोटो निघाले, वेधशाळेचं उत्तर आलं. धूसरपणा नाही, शेपूट नाही. लघुग्रह. आधी नुसता तात्पुरता नंबर मिळणार. कक्षा पक्की झाली की मी नाव सुचवायचं.

"म्हंजे गोटाच निंगाला," सासरे म्हणाले. बाबांना फोन केला, तर तेही तेच, "गोट्याले कायले आमचं आडनाव?" फ्लेक्स उतरला. आता तो आमच्या गुरांच्या कुटाराच्या ढिगावर घातलेला आहे.

"मग आईचं नाव लावू?" मी सासऱ्यांना विचारलं.

"लाव ना, बाप्पा. गोट्याले काय होते!"

कक्षा पक्की व्हायला वर्षं लागतात. लागू देत. पण काही लघुग्रहांना म्हणे उशिरानंही शेपूट फुटतं. विज्ञानाची बाई असूनही मी रोज देवापुढं हात जोडते, देवा, याला तेवढं फुटू देऊ नको.