कासवाचं पोट

ती घटना आठवली की आधी माझ्या हवालदाराचे उपकार आठवतात. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी रत्नागिरीत नवा फौजदार होतो आणि अंगात वर्दीची रग होती.

किनाऱ्यावरच्या गावातल्या एका खलाशाची बायको चोरीची फिर्याद घेऊन आली. नवऱ्याने जपानच्या बंदरातून आणलेलं सुपारीएवढं कोरीव लाकडी कासव ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. तिकडचे लोक म्हणे ते कमरपट्ट्याला अडकवतात. नवरा दोन वर्षं दर्यावर, आणि त्याची ही एकच वस्तू तिच्याजवळ होती.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली की बाजारातल्या एका सुताराकडे तसंच कासव आहे. पंचांसमक्ष जप्त केलं, यादीत लिहिलं, 'लाकडी कासव, नग एक'. बाईने लांबूनच ओळखलं. सुताराला कोठडीत घातलं.

"सायबानु, ह्यां मी कोरलंय," तो म्हणाला. "दोरा बदलायला ती आली होती, तवा नीट बघून घेतलंय. गणपतीपुळ्याला यात्रेत विकीन म्हटलां."

म्हणजे माल याने आधीच हेरला होता, असा मी हिशेब केला. उद्या त्याला कोर्टात उभं करायचं होतं. एकदा चोर ठरला की कुठल्या घरात त्याला काम मिळणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. कबुली देईना म्हणून मी हात उगारला, हे लपवत नाही.

"साहेब, थांबा," हवालदार म्हणाला. तो पाच वेळचा नमाजी, वयाने मोठा. बाहेर बाकावर बसलेल्या बाईकडे तो गेला.

"बाय, नमाजाला गळ्यातलां कासव काढतेस ना?"

"काढतंय तर. जनावराची मूरत अंगावर ठेवून नमाज कसा पढू? मुसल्ल्याखाली सरकवतंय."

"मुसल्ला तोच हाय?"

बाई बाकावरून उठली. ईदला तिने नमाजाची नवी चटई काढली होती. जुनी घडी घालून पेटीत गेली होती.

ती घरी गेली. वस्तू सापडली तरी स्वतःची चूक सांगायला ती परत येईल, असं मला वाटलं नाही. पण ती भर उन्हात चालत आली. कासव टेबलावर ठेवलं आणि कोठडीपुढे उभी राहिली. "भावा, माज्यामुळे तुला ह्यां बघायला लागलां. माफ कर."

मग मी दोन्ही कासवं उलटी केली. जपानी कासवाच्या पोटाला कमरपट्ट्याच्या दोरीसाठी दोन भोकं होती, सुताराच्या कासवाला गळ्यातल्या दोऱ्यासाठी मानेशी एकच. सकाळपासून पुरावा माझ्या मुठीत होता आणि मी तो उलटून पाहिला नव्हता, बाईला दाखवला नव्हता. सुताराची मी सगळ्यांसमोर माफी मागितली.

पुढे नोकरीभर कागद असो वा माणूस, दुसरी बाजू पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. हे श्रेय हवालदाराचं आणि उन्हातून आलेल्या त्या बाईचं.

बदलीच्या दिवशी सुतार आला. माझ्या मुलीसाठी त्याने काळ्या दोऱ्यात एक कासव ओवून आणलं होतं.

"सायबानु, ह्याच्या पोटाला दोन भोकां पाडलीत," तो हसत म्हणाला. "आता तरी उलटून बघा."

मी त्याच्यासमोर उलटून पाहिलं.