आक्काचा ढिम्म थ्रेड

ऑफिसात तिला सगळे आक्का म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे साहेबसुद्धा. लसींच्या शीतगृहावर नजर ठेवणाऱ्या संगणकाचं आतलं काम तिच्याकडे. तिथे कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या पार गाभ्यात, एक थ्रेड, म्हणजे एकच काम करत राहणारा प्रोग्रॅमचा धागा, अखंड तापमान वाचत असतो. संगणक बंद न करता या थ्रेडच्या जागी नवा बसवून दाखवायचा होता. आज जमलं नाही, तर यापुढे दर बदलाला संगणक बंद, आणि तेवढा वेळ लसी देवाच्या भरवशावर. चाचणी सुदैवाने ऑफिसातल्या जुळ्या संगणकावर होती.

आक्काने थांबण्याचा निरोप धाडला. थ्रेड ढिम्म.

"मारून टाका ना त्याला," साहेब म्हणाले.

"हा मारून मरत नाही, साहेब. आपण निरोप द्यायचा, त्याने तो बघायचा, हातातलं आटपायचं आणि आपणहून उठायचं. तोवर आपण दारात ताटकळायचं."

"म्हणजे आमचे जावईबापू."

तापमापक लहरी होता. मनात आलं तर उत्तर देई. थ्रेड त्या उत्तराची वाट बघत गाढ झोपला होता. शेवटी संगणकच बंद करून चालू करावा लागला.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे गुरुजी म्हणतात, कारण न विचारता शिकवतो. आक्का पाणी प्यायला गेली तेवढ्यात त्याने एक ओळ घुसडली: उत्तर आलं नाही, तर थ्रेडने खुशाल निघून जावं. वरकरणी शहाणपणाचीच. आक्काचा पुढचा निरोप निघून गेलेल्याच्या पत्त्यावर पोचला आणि अख्खा संगणक आडवा झाला.

"गुरुजी, निरोपाआधी कुणी उठायचं नसतं! इथे गेलेल्याला 'थांब' म्हटलं की घर कोसळतं."

"मला वाटलं, मदत होईल."

"झाली की. पुरे आता."

तिने ती ओळ उडवली आणि स्वतःची लिहिली. थ्रेडने झोपायचं, पण डुलक्या घेत. दर डुलकीनंतर निरोप बघायचा, आणि तो आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

या वेळी जुना उठला, नवा बसला. पडद्यावरचं तापमान जराही अडखळलं नाही.

"हं, कधी बसवताय?" साहेबांनी विचारलं.

"बसवला."

"कधी? काहीच तर झालं नाही!"

"काही होऊ नये म्हणूनच सकाळपासून मरतेय, साहेब."

"पण दिसायला नको?"

आक्काने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि थ्रेड पुन्हा बदलला. मग पुन्हा. साहेब डोळे फाडून आकड्याकडे बघत राहिले, आकडा तसाच.

"बरं," ते उठत म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर झालं असेल."

हीच मंजुरी.